उरवाई गेट, पावणेसहा

पहिल्या आठवड्यात घाम आलाच नाही फारसा.
धाप मात्र अशी लागायची
की पहिल्या वळणावरच्या दगडावर बसून
मी माझेच ठोके मोजायचे
आणि तीस वर्षं गणित शिकवूनही
बेरीज चुकायची.

डॉक्टर नुसतं म्हणाले होते, चाला.
कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.
किल्ला मी निवडला,
पंचावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांना न विचारता.

आता पाचवा आठवडा.
आता चढण सुरूही झालेली नसते,
चौकीदार कडुनिंबाची काडी चावत उभा असतो,
खाली लष्करात दिवे विझायचे असतात,
आणि पाठीच्या पन्हाळीतून पहिला थेंब निघतो.
मग कुठून कुठून निघतात!
कानामागून, गुडघ्यांच्या मागच्या घडीतून,
बांगडीखालच्या त्या गोऱ्या पट्ट्यातून,
जिथे चाळीस वर्षांत ऊन पोचलं नाही.
चष्मा नाकावरून उतार शोधतो.
ओठांवर मीठ.

घाबरलेच मी.
काहीतरी बिघडलंय, म्हटलं,
नाहीतर जमायला लागल्यावर घाम कमी नको व्हायला?

वरच्या मजल्यावरची ऋजुता फाळके
पोरींना कबड्डी शिकवते. ती हसली.
"काकू, शरीर शहाणं झालंय तुमचं.
आधी ते तापायचं आणि मग जागं व्हायचं.
आता चढण ओळखतं.
उन्हाळ्यात गाद्या घालायच्या आधी
गच्चीवर पाणी मारतो ना आपण, तसं,
आधीच."

आधीच.
हा शब्द मी जिना उतरताना
तोंडात घोळवत आणला.

आधीच ओळखणारं अंग मला नवं नव्हतं.
पण तो घाम थंड असायचा,
आणि फक्त तळहातांना यायचा.

डिसेंबर होता. ग्वाल्हेरचं धुकं
रजिस्ट्रारच्या खिडकीला नाक लावून उभं.
दोन्ही भाऊ स्वेटरात, हात चोळत.
कंपूतल्या घरातला माझा वाटा
मी राजीखुशीने सोडतेय, असं टाईप केलेलं,
खाली माझं नाव, वैजयंती, त्यात वेलांटी ऱ्हस्व.
ती चूक मी दाखवली.
तेवढीच दाखवली.

अंगठा तीनदा घसरला.
कागदावर नुसता निळा चिखल.
कारकून वैतागला, "मैडम, पोंछ के लगाइए."
तेव्हा दादाने खिशातून रुमाल काढला,
वहिनीने इस्त्री केलेला, चार घड्यांचा,
आणि किती मायेने पुढे केला!
त्याच्या रुमालाला हात पुसला
तेव्हा कुठे चौथ्यांदा उठला
माझा ठसा.

तो रुमाल मी घरी आणून
दोनदा साबण लावून धुतला,
शाई गेली नाही तर लिंबू चोळलं,
आणि परत नेऊन दिला.

आज वळणं तीन झाली.
कातळात कोरलेले उंच उंच जिन
माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत उभे.
एका माकडिणीने पोराला कुशीत ओढलं,
मी काही इतकी भीतीदायक दिसत नव्हते,
पण दिसतही असेन,
लाल तोंड, चिंब कुडता, केस कपाळाला चिकटलेले,
फुसफुसणारी एक बाई.

कोणी हाक मारली नाही.
कोणाला कागद नको होता.
तोल सावरायला म्हणून मी हात टेकला
रात्रभर तापच न सोडलेल्या त्या दगडावर,
आणि उचलला, तर तिथे तो होता,
अख्खा पंजा,
रेषांसकट, काळसर, स्पष्ट.

हल्ली मी रुमाल आणत नाही.

जूनचा कोरडा वारा आला, कडेकडेने तो पुसू लागला.
बोटं आधी गेली.
तळवा मग.
अंगठा बराच वेळ होता.